हरलेल्या लढ्याचा वारसा : जॉन म्युअर

जॉन म्युअर हे नाव निसर्गप्रेमी लेखक म्हणून जगाला ठाऊक आहे. त्याच्या चरित्रातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे प्रकरण मात्र त्याच्या पराभवाचे आहे. एका नदीसाठी तो लढला आणि हरला.

२१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी त्याचा जन्म झाला. १८४९ साली हे कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. वडील कमालीचे कर्मठ. शेतातले कष्ट आणि बायबलचे पाठांतर यांतच त्याचे बालपण सरले. पुढे तो मॅडिसनच्या विद्यापीठात शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. यंत्रे बनविण्यात त्याचा हात विलक्षण चाले. १८६७ मध्ये इंडियानापोलिसच्या एका कारखान्यात कानस डोळ्यात घुसली आणि काही काळ दृष्टी गेली. ती परत येताच यंत्रांना रामराम ठोकून तो फ्लॉरिडाच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे १००० मैल पायी गेला. पुढच्याच वर्षी तो कॅलिफोर्नियात पोचला.

सिएरा नेवाडाच्या डोंगरांत त्याने मेंढ्या राखल्या, योसेमिटीत लाकडे कापण्याच्या गिरणीत काम केले, हिमनद्यांचा अभ्यास केला. त्याच्या लेखांनी लोकमत जागे झाले व १८९० मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. १८९२ मध्ये निघालेल्या सिएरा क्लबचा तो अखेरपर्यंत अध्यक्ष होता. तेथील आदिवासींविषयीचे त्याचे काही लेखन तुच्छतेचे आहे, हेही नमूद केले पाहिजे.

याच उद्यानात टुआलमी नदीच्या काठी हेच हेची नावाची रम्य दरी होती. सॅन फ्रान्सिस्को शहराला तेथे धरण हवे होते. १९०६ च्या भूकंपात व आगीत शहर बेचिराख झाल्यावर ही मागणी जोरात आली. शहराची तहान खोटी नव्हती. पाणी दुसरीकडूनही आणता येईल, राखीव उद्यान बुडवू नका, एवढेच म्युअरचे म्हणणे होते. वृद्धापकाळातही तो लेख लिहीत, पत्रे पाठवीत राहिला. परंतु डिसेंबर १९१३ मध्ये सिनेटने ४३ विरुद्ध २५ मतांनी धरणाचा कायदा संमत केला आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यावर सही केली. काँग्रेसने राखलेली जागा काँग्रेसनेच पाण्याखाली जाऊ दिली. २४ डिसेंबर १९१४ रोजी न्यूमोनियाने म्युअरचे निधन झाले. १९२३ मध्ये धरण पूर्ण झाले.

जमीन राखीव केली म्हणजे नदी सुरक्षित झाली असे नाही, हा धडा अमेरिकेतील निसर्गरक्षक विसरले नाहीत. २ ऑक्टोबर १९६८ रोजी वाहत्या नद्यांच्या रक्षणासाठी तेथे स्वतंत्र कायदा झाला. आरंभी त्याच्या यादीत ८ नद्या होत्या. यादीतल्या प्रवाहावर वीजनिर्मितीच्या धरणाला केंद्रीय परवाना देता येत नाही. १९८४ मध्ये टुआलमीचाही ८३ मैलांचा प्रवाह या यादीत आला. जुने धरण तसेच राहिले. त्याच्या वरची व खालची नदी मात्र वाचली.

हेच हेचीचे पाणी आजही सॅन फ्रान्सिस्कोच्या नळांना येते, म्हणून म्युअरचे चरित्र मला सोपे वाटत नाही. शहराला पाणी हवेच. पण प्रत्येक नदी अडविलीच पाहिजे काय, हा प्रश्न त्याने विचारला आणि त्याचे उत्तर कायद्यात उतरायला त्याच्या मृत्यूनंतर ५४ वर्षे लागली. असे प्रश्न विचारण्याचे धैर्य आपण विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून घ्यावे, असे मला वाटते.