गॅल्व्हानी आणि बेडकाचा पाय

आपण हात उचलतो, तेव्हा हाताच्या स्नायूंना मेंदूचा हुकूम कोण पोहोचवितो? अठराव्या शतकातील अनेक पंडित सांगत की, मज्जातंतूंतून एक अतिसूक्ष्म द्रव वाहत जातो व तोच स्नायूंना हालवितो. तो द्रव मात्र कोणीही पाहिला नव्हता!

इटलीतील बोलोन्या नगरात १७३७ साली जन्मलेला लुइजी गॅल्व्हानी हा तेथेच शरीररचनाशास्त्राचा अध्यापक झाला. त्याची पत्नी लुचिया हीही एका प्राध्यापकाची कन्या. ती त्याच्या प्रयोगांत मदत करीत असे. एकदा मेजावर सोललेला बेडूक होता व जवळच विजेचे यंत्र चालू होते. यंत्रातून ठिणगी उडाली आणि त्याच क्षणी साहाय्यकाच्या सुरीचे टोक बेडकाच्या मज्जातंतूला लागले. मेलेल्या बेडकाचे पाय ताडकन आखडले! दुसरा कोणी नवल करून स्वस्थ बसला असता. गॅल्व्हानीने पुढे कित्येक वर्षे हेच प्रयोग केले. १७८६ साली त्याने पितळी आकड्यांनी बेडूक लोखंडी कठड्यास टांगले. आकाश निरभ्र होते, यंत्रही नव्हते. तरीही आकडा कठड्यावर दाबताच पाय हालले.

प्राण्यांच्या शरीरातच वीज असते, असे त्याने १७९१ साली प्रसिद्ध केले. ते पाहण्यास लुचिया राहिली नव्हती. आदल्याच वर्षी ती वारली होती.

व्होल्टा या शास्त्रज्ञास प्रथम हे पटले. पण पुढे तो म्हणू लागला की, वीज बेडकाची नव्हे, दोन निराळ्या धातूंची आहे. तेव्हा धातू मुळीच न वापरता, नुसता मज्जातंतू स्नायूस टेकवूनही पाय आखडतो, हे १७९४ साली दाखविण्यात आले. खरे पाहता दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. मज्जातंतूतून विद्युत्संदेश येतो, स्नायूंतील बारीक तंतू एकमेकांवरून सरकतात व स्नायू आखूड होतो. स्नायू केवळ ओढतो, ढकलीत नाही; म्हणून कोपर वाकविण्यास दंडाच्या पुढचा स्नायू लागतो व सरळ करण्यास मागचा.

नेपोलियनच्या विजयानंतर आलेल्या नव्या राजवटीने अध्यापकांकडून निष्ठेची शपथ मागितली. गॅल्व्हानीच्या मनास ती पटेना. त्याने नकार दिला. नोकरी गेली, वेतनही गेले. ४ डिसेंबर १७९८ रोजी तो बोलोन्यातच मरण पावला. दोन धातूंच्या चकत्या रचून व्होल्टाने १८०० साली पहिली विद्युत्घटमाला जाहीर केली, ती पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. सूक्ष्म विद्युत्प्रवाह दाखविणाऱ्या उपकरणास मात्र पुढे त्याच्याच नावावरून गॅल्व्हानोमीटर म्हणू लागले.