गोटलीब डुटवायलर

गोटलीब डुटवायलर (जन्म : झ्युरिक, १५ ऑगस्ट १८८८, मृत्यू : झ्युरिक, ८ जून १९६२) हे स्विस व्यापारी, वृत्तपत्रकार, संसद सदस्य आणि ‘मिग्रो’ या वाणसामान विक्री संस्थेचे संस्थापक होते. स्वस्त विक्रीमुळे नामांकित उत्पादकांनी माल देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःचे कारखाने उभारले आणि पुढे भरभराटीला आलेला हा व्यवसाय ग्राहकांच्या सहकारी संस्थांकडे सोपविला. किरकोळ विक्रेता आणि पुरवठादार यांच्या संबंधांच्या इतिहासात त्यांचे चरित्र महत्त्वाचे मानले जाते.

पूर्वायुष्य

डुटवायलर यांचे वडील झ्युरिकमधील एका ग्राहक सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. धान्य, कॉफी, साखर यांच्या खरेदी-विक्रीच्या गोष्टी त्यामुळे घरातच कानांवर पडत. शालेय अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही. परदेशी खाद्यमालाचा घाऊक व्यापार करणाऱ्या ‘फिस्टर आणि झिग’ या पेढीत ते उमेदवारी करू लागले आणि पुढे तिचे भागीदार झाले. पेढीच्या नावात मग झिग यांच्या जागी डुटवायलर यांचे नाव आले. १९१३ मध्ये आडेले बेर्ची यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पेढीचा व्याप पुष्कळ वाढला. युद्धानंतर मालाचे भाव कोसळले आणि १९२३ मध्ये ती बंद करावी लागली. नवे आयुष्य सुरू करण्यासाठी डुटवायलर पत्नीसह ब्राझीलला गेले व तेथे त्यांनी शेती केली. तेथे त्यांचा जम बसला नाही. थोड्याच काळात दोघे मायदेशी परतले. मात्र कॉफी पिकते तेथील भाव आणि झ्युरिकच्या गृहिणीला मोजावी लागणारी किंमत यांतील अंतर त्यांच्या चांगलेच लक्षात आले होते. घाऊक व्यापारात वर्षे काढल्यामुळे हे अंतर कोठे आणि कसे वाढत जाते, हेही त्यांना ठाऊक होते.

मिग्रोची स्थापना

ऑगस्ट १९२५ मध्ये एक लाख फ्रँक भांडवलावर त्यांनी मिग्रो कंपनी सुरू केली. घाऊक आणि किरकोळ यांच्या मधला व्यापार, असा अर्थ या नावातून सूचित होतो. सुरुवातीला दुकान नव्हतेच. फोर्ड कंपनीच्या पाच मालमोटारी झ्युरिकच्या रस्त्यांवरून ठरलेल्या वेळी ठरलेल्या थांब्यांवर जात आणि मोटारीच्या मागच्या भागातूनच विक्री होई. कॉफी, तांदूळ, साखर, मॅकरोनीसारखे पदार्थ, स्वयंपाकासाठी घट्ट केलेले खोबरेल आणि साबण एवढ्या सहाच वस्तू या मोटारींत असत. काही वस्तूंचे दर शहरातील दुकानांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांपर्यंत कमी होते.

या स्वस्ताईमागे साधा हिशेब होता. वस्तू मोजक्या असल्यामुळे प्रत्येकीची खरेदी मोठ्या प्रमाणात करता येई. दुकानाचे भाडे आणि उधारीचा बोजा नव्हता. माल गोदामात पडून न राहता लवकर संपत असल्याने तेच भांडवल वर्षातून अनेकदा फिरे. प्रत्येक फेऱ्यात नफा थोडा राहिला तरी एकंदर व्यवसाय तरून जाई. सुट्या पैशांची देवघेव टाळण्यासाठी पुडक्याची किंमत पूर्णांकात ठेवून त्यातील वजन कमी-जास्त करण्याची युक्तीही त्यांनी योजली. त्यामुळे पुडक्यांवर विचित्र वाटणारी वजने दिसत. भाव थोडा उतरला की किंमत तीच राहून वजन वाढे.

१९२६ मध्ये झ्युरिकमध्ये पहिले दुकान उघडले. तोवर दुकानदारांचा विरोध उघडपणे सुरू झाला होता. मोटारींभोवती विरोधकांची गर्दी होई आणि मिग्रोकडून माल घेणाऱ्या स्त्रियांना टोमणे ऐकावे लागत.

पुरवठादारांचा बहिष्कार

दुकानदारांच्या संतापापेक्षा उत्पादकांचा नकार अधिक घातक होता. त्या काळी नामांकित कंपन्या आपल्या मालाची किरकोळ किंमत स्वतः ठरवीत आणि ती सर्व विक्रेत्यांवर बंधनकारक असे. त्याहून कमी दराने विकणाऱ्याला माल दिला, तर देशभरातील लहान दुकानदार त्या कंपनीवर रुष्ट होणार हे उघड होते. त्यांच्याच मार्फत तिचा बहुतेक माल खपत असल्याने ती जोखीम पत्करायला कंपन्या तयार नव्हत्या. या बहिष्काराला केवळ दुष्टावा म्हणणे न्याय्य होणार नाही. कंपन्यांच्या दृष्टीने तो व्यवहारी निर्णय होता. मिग्रोला मात्र त्यामुळे विकायला माल मिळेनासा होण्याची भीती निर्माण झाली.

डुटवायलर यांनी यावर स्वतः उत्पादन करण्याचा मार्ग काढला. १९२८ मध्ये त्यांनी माइलेन येथील मद्यार्करहित द्राक्षरस व सफरचंदरस बनविणारा, अडचणीत सापडलेला कारखाना विकत घेतला. त्याच सुमारास मिग्रोने मद्यविक्री न करण्याचे धोरण स्वीकारले. तंबाखूलाही दुकानांत जागा मिळाली नाही. माइलेनच्या कारखान्यानंतर इतर कारखान्यांची भर पडत गेली. पुढील काळात बिशोफ्सझेल येथील डबाबंद खाद्यपदार्थांचा कारखाना, १९५० मध्ये ‘फ्राय’ ही चॉकलेट कंपनी आणि १९५८ मध्ये ‘मिकार्ना’ हा मांसप्रक्रिया उद्योग मिग्रोच्या परिवारात आले.

विक्रेता आणि कारखाना एका छत्राखाली आल्याने उत्पादनाची पद्धत बदलली. एरवी कारखान्याला दुकानातील खपाचा अंदाज घाऊक व्यापाऱ्यांच्या मागणीवरून बांधावा लागे. मिग्रोच्या कारखान्याला मागणीचे थेट स्वरूप कळत असल्याने नको तेवढा माल साठवून ठेवण्याची गरज कमी झाली आणि जाहिरात व विक्री प्रतिनिधींवरील खर्चही वाचला. विक्रीची माहिती पुरवठादारापर्यंत पोहोचविण्याला आजचे व्यवस्थापनशास्त्र जे महत्त्व देते, त्याचे हे संगणकपूर्व उदाहरण म्हणता येईल. अर्थात, कारखाना स्वतःच्याच मालकीचा असल्यावर त्याला सहकार्य म्हणावे की सत्ता, हा प्रश्न उरतोच. डुटवायलर यांचे टीकाकार तो वारंवार विचारीत.

नामांकित मालाला पर्याय म्हणून काढलेल्या वस्तूंना नावे देताना डुटवायलर यांचा खोडकर स्वभाव दिसून येतो. ‘काफी हाग’ या कॅफिनरहित कॉफीच्या नावातील ‘हाग’ म्हणजे जर्मन भाषेत कुंपणाची झुडपे. मिग्रोने आपल्या कॉफीचे नाव ‘झाउन’, म्हणजे कुंपण, असे ठेवले. पेर्सिल या धुलाई पावडरीच्या तोडीस काढलेल्या ‘ओहे’ या नावात तिच्या उत्पादकाचे, हेंकेलचे, नाव वगळल्याची कोटी होती. अशा नावांवरून व जाहिरातींवरून खटले उभे राहिले. ते जिंकोत वा हरोत, त्यांची वर्तमानपत्रांतून होणारी चर्चा मिग्रोच्या पथ्यावर पडे.

१९३२ मध्ये बर्लिनमध्येही मालमोटारींवरील विक्री सुरू झाली. नाझी सत्तेवर आल्यानंतर हा उपक्रम १९३३ मध्ये गुंडाळावा लागला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये बहुशाखा दुकानांना नव्या शाखा उघडण्यास व असलेल्या शाखा वाढविण्यास कायद्याने मनाई झाली. ही बंदी १९४५ अखेर टिकली. मिग्रोची वाढ या मार्गाने रोखली गेल्यावर डुटवायलर यांनी १९३७ मध्ये ‘गिरो’ ही योजना काढली. स्वतंत्र दुकानदारांना तिच्यामार्फत मिग्रोचा माल घेऊन कमी नफ्यावर विकता येई. ज्यांनी कालपर्यंत विरोध केला त्यांच्यापैकी काहींचाच पुरवठादार होण्याचा हा प्रयत्न होता. दोन वर्षे आधी मंदीमुळे ओस पडलेल्या हॉटेलांसाठी त्यांनी ‘हॉटेलप्लान’ ही संस्था काढली होती. रिकाम्या खोल्या एकत्रितपणे मिळवून मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडतील अशा सहली आखणे, हे तिचे काम होते. कमी नफा आणि अधिक खप हा वाणसामानाचाच नियम त्यांनी तेथे लावला.

राजकारण

शाखाबंदीविरुद्धचा लढा त्यांना संसदेत घेऊन गेला. १९३५ च्या निवडणुकीत त्यांच्या ‘स्वतंत्र’ गटाला राष्ट्रीय सभागृहात सात जागा मिळाल्या. या गटातून १९३६ मध्ये ‘लांडेसरिंग’ हा पक्ष स्थापन झाला. ‘डी टाट’ हे त्यांचे वृत्तपत्र आधी साप्ताहिक होते. १९३९ पासून ते दैनिक झाले.

युद्ध आले तर परदेशांतील धान्यावर अवलंबून असलेल्या या देशाचे काय होईल, ही चिंता त्यांना होती. पुरेसा अन्नसाठा आधीच करून ठेवावा, अशी त्यांची आग्रही मागणी असे. युद्धानंतरही त्यांनी हा आग्रह सोडला नाही. १९४८ मध्ये साठ्याविषयीचा त्यांचा प्रस्ताव संसदेत लांबणीवर पडला, तेव्हा रागाच्या भरात त्यांनी संसद भवनाच्या खिडकीची काच दगड मारून फोडली. साठ वर्षांच्या खासदाराचे हे कृत्य शोभनीय नव्हते. परंतु अन्नसाठ्याचा विषय देशभर चर्चिला गेला, हेही खरे.

सहकारी संस्थेत रूपांतर

१९४०–४१ मध्ये डुटवायलर यांनी मिग्रो कंपनीचे प्रादेशिक सहकारी संस्थांत रूपांतर केले आणि त्यांचा संघ स्थापन केला. ग्राहकांना ३० फ्रँकांची भागपत्रे विनामूल्य देण्यात आली. ऐन युद्धात आणि व्यवसाय यशस्वी असताना घेतलेल्या या निर्णयाने निकटच्या सहकाऱ्यांनाही धक्का बसला. आपली संपत्ती वारसांविना उरेल, यापेक्षा तिचा ताबा ग्राहकांकडे जावा, हे या अपत्यहीन दांपत्याला मान्य असावे. विरोधकांनी यातही कर वाचविण्याचा वा राजकीय लाभाचा डाव पाहिला. सभासदांसाठी १९४२ मध्ये एक साप्ताहिक सुरू झाले. १९४४ मध्ये भाषावर्गांपासून मिग्रोच्या क्लब शाळा सुरू झाल्या. रुश्लिकोन येथील आपले उद्यान डुटवायलर दांपत्याने १९४६ मध्ये लोकांसाठी खुले केले.

उत्तरायुष्य

मार्च १९४८ मध्ये झ्युरिकमध्ये मिग्रोचे पहिले स्वयंसेवा दुकान उघडले. इस्तंबूल नगरपालिकेच्या सहकार्याने १९५४ मध्ये तुर्कस्तानात ‘मिग्रो’ सुरू झाली. तेथेही प्रारंभ मालमोटारींनीच झाला. त्याच वर्षी इंधन व्यवसायात ‘मिग्रोल’ आली आणि १९५७ मध्ये मिग्रो बँक स्थापन झाली. उलाढालीचा ठराविक हिस्सा कला, शिक्षण व सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे कलम १९५७ मध्ये संस्थेच्या नियमांत घालण्यात आले.

८ जून १९६२ रोजी डुटवायलर यांचे निधन झाले. रुश्लिकोन येथे त्यांच्या नावाची संशोधन संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. व्यापार व समाज यांच्या अभ्यासासाठी ती ओळखली जाते. आडेले डुटवायलर १९९० पर्यंत हयात होत्या. मद्यविक्रीच्या प्रश्नावर मिग्रोच्या सभासदांनी जून २०२२ मध्ये मतदान केले, तेव्हा दहाही प्रादेशिक संस्थांनी ती नाकारली. १९२८ पासूनचे धोरण त्यामुळे कायम राहिले.