प्लेगची लस काढणारे हाफकिन

मुंबईत वाढलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी परळची हाफकिन इन्स्टिट्यूट निदान बाहेरून तरी पाहिली असेल. परंतु ज्यांचे नाव त्या संस्थेला आहे ते वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन आपल्याच धर्माचे होते आणि मुंबईच्या सेवेपायी त्यांच्यावर केवढे संकट ओढवले, हे सर्वांना ठाऊक असतेच असे नाही.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठी ओडेसा येथे झाला. तेथील विद्यापीठात प्रसिद्ध शास्त्रज्ञ मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू होते. यहुद्यांवरील दंगलींच्या वेळी स्वसंरक्षणाच्या तुकडीत शिरल्याबद्दल त्यांना अटक झाली व गुरूंच्या खटपटीने सुटका झाली. ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर विद्यापीठात चांगली जागा मिळाली असती. ते त्यांनी केले नाही. १८८८ साली त्यांनी देश सोडला आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथपालाची नोकरी धरली. उरलेला वेळ प्रयोगशाळेत. तेथे त्यांनी पटकीवर लस तयार केली व १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ साली ते कलकत्त्यास आले. लष्करी छावण्या, तुरुंग, चहाचे मळे असे हिंडत त्यांनी अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचा रोगी आढळला. मांडवी म्हणजे आपली शआर हारहमीम मशीद, सॅम्युएल स्ट्रीट, आपल्या वाडवडिलांची वस्ती. सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन-चार शिपाई एवढेच मिळाले. त्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस उभी केली.

ही लस कशी बनत असे ते सांगण्यासारखे आहे. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवावयाचे असत. गाय किंवा डुक्कर यांचे नाव निघते तर कोणीच टोचून घेतले नसते, म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. रश्श्यावर साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून जंतूंच्या झुंबरासारख्या लोंबत्या वाढी होत. नंतर भांडे हलवून त्या खाली पाडावयाच्या, पुन्हा वाढू द्यावयाच्या, आणि शेवटी उष्णता देऊन सर्व जंतू मारावयाचे. आमच्या स्वयंपाकघरातील तूप प्लेगाविरुद्ध असे कामी आले!

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही स्वतःला टोचली, व तीही पुढे लोकांना देत त्याहून मोठ्या मात्रेत. ताप भरला, पण काम थांबले नाही. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, दगावले कोणी नाही. आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले, त्यामुळे हजारो खोजा पुढे आले. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मग मुल्कोवालचे प्रकरण घडले. पंजाबातील ह्या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. पंजाबची मोठी मागणी पुरविण्यासाठी हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक अॅसिड घालणे सोडले होते. दोष त्यावरच ठेवला गेला. त्यांना पदावरून दूर केले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, रशियातून आलेले यहुदी होते. अशा माणसाची बाजू घेणारे सरकारी डॉक्टरांत थोडेच असणार. काहींनी ह्या प्रकरणाला छोटे ड्रायफस प्रकरण म्हटले ते उगीच नव्हे.

वस्तुतः पुरावा उघड होता. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे बंद बाटलीत वाढत असते तर दुर्गंधी सुटली असती. तशी ती नव्हती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनेही कागदपत्रे तपासून हाफकिन यांच्या बाजूने मत दिले. तरी जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांचे पत्र 'टाइम्स'मध्ये छापून येईपर्यंत पाच वर्षे लोटली.

ते निर्दोष ठरले, पण परळची जागा परत मिळाली नाही. कलकत्त्यास धाडले, तेथे माणसांवर नवी लस वापरून पाहण्याची परवानगी नव्हती. ज्याचे सारे आयुष्य त्यातच गेले त्या माणसाला ही खरी शिक्षा होती. १९१५ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. महायुद्धाच्या काळात सैनिकांना लस टोचण्याविषयी त्यांनी ब्रिटिश युद्धखात्याला सल्ला दिला.

१९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले तेव्हा ते युरोपात होते. लग्न केले नव्हते. उतारवयात त्यांचे धर्माचरण कडक झाले होते, आणि पूर्व युरोपातील येशिवांसाठी त्यांनी आपली संपत्ती ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले. भारतीय टपालखात्याने १९६४ साली त्यांचे तिकीट काढले. जुनी पत्रे जपून ठेवणाऱ्या एखाद्या घरात ते अजूनही सापडेल.