सोपाऱ्याचे रौप्य नाणे आणि पंडित भगवानलाल

कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे निघालेल्या वाटेवर कोंडाणे लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका भव्य शिल्पाकृतीचे मस्तक उरले असून त्याशेजारी ब्राह्मी लिपीत कण्हाचा शिष्य बलक याचे नाव कोरलेले आहे. दक्षिणेस खालापूर तालुक्यात खोपोलीपासून बोरघाटाची चढण लागते आणि घाटमाथ्यावर कार्ले येते. सोपारा व कल्याण या बंदरांतील माल आणि भिक्षू याच टापूतून वर जात. कार्ल्याच्या एका स्तंभावर सोपाऱ्याहून आलेल्या दात्याचे नाव आजही वाचता येते. या मार्गाच्या सागरी टोकाला, सोपाऱ्यात, १८८२ साली एक लहानसे चांदीचे नाणे सापडले. ते शोधणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव मुंबईकरांच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले आहे.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे झाला. घराणे वैद्यकी करणारे, शिक्षण पारंपरिक. गावालगतच गिरनारचा शिलालेख होता. जेम्स प्रिन्सेपने लावलेल्या अक्षरमालेचा तक्ता हाती आल्यावर या मुलाने तो लेख स्वतःच वाचण्याचा ध्यास घेतला. त्याची ही कीर्ती मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली आणि १८६१ साली ते मुंबईस आले. त्यानंतर १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत भगवानलाल त्यांच्यासाठी हिंदुस्थानभर फिरून लेखांचे ठसे घेत आणि नाणी जमवीत राहिले. भाऊ दाजींच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या संशोधनामागे या सहायकाचे कष्ट किती होते, याचा हिशेब इतिहासाने फारसा मांडलेला नाही. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व नव्हते. ते गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर, कॅम्पबेल यांच्यासारखे विद्वान ते इंग्रजीत आणीत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे काम सुरू झाले तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्या जिल्ह्याच्या खंडातील पुरातन अवशेषांच्या माहितीत भगवानलाल यांचा वाटा मोठा आहे. नाणेघाटातील लेखांचे वाचन हे त्यांचे आणखी एक थोर काम. त्यामुळे सोपाऱ्याच्या बुरुड राजाच्या कोटाखाली स्तूप असावा हे ओळखून त्यांनी १८८२ च्या एप्रिलमध्ये तो उकरला, तेव्हा काय सापडू शकते याची त्यांना पुरेपूर जाण होती.

आत पाषाणाची मोठी पेटी निघाली. तिच्यात एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, पाषाण, स्फटिक आणि सोने यांचे करंडक होते. सभोवती आठ लहान बुद्धमूर्ती, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे बारीक तुकडे आणि एक चांदीचे नाणे. ते झिजलेले नव्हते.

ते कोणाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. सातवाहनांची तोवर परिचित असलेली नाणी मुख्यतः शिसे, तांबे आणि पोटिन या हलक्या मिश्रधातूची होती. दोन ग्रॅमच्या आसपास वजनाची, राजाच्या मुखाची चांदीची नाणी ही पश्चिम क्षत्रपांची ओळख. हे नाणेही आकाराने, घडणीने व मुखाकृतीने क्षत्रपी वळणाचे. घाईने पाहणाऱ्याने ते क्षत्रपांच्या ढिगात टाकले असते. भगवानलाल यांनी मात्र कडेची अक्षरे वाचली आणि मागील बाजूची चिन्हे पाहिली. तेथे कमानींचा डोंगर आणि चार वर्तुळांचे उज्जैन चिन्ह, म्हणजे सातवाहनांचीच खूण होती. मुखाभोवतीच्या ब्राह्मी लेखात गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचे नाव होते. मागील बाजूचा लेख अधिक अवघड. त्याचे आज मान्य असलेले वाचन नंतरच्या अभ्यासकांनी निश्चित केले. त्यात राजाच्या नावातील ‘स’च्या जागी ‘ह’ येतो आणि ‘सिरी’चे ‘हिरु’ होते. एकाच नाण्यावर दोन भाषारूपे असणे हे या दुर्मीळ प्रकाराचे वैशिष्ट्य ठरले.

क्षत्रपांच्या चांदीला सरावलेल्या प्रदेशात आपले नाणे चालावे म्हणून सातवाहनांनी जुनाच साचा स्वीकारला, हा तर्क त्यातून पुढे आला आणि तो आजही पटण्यासारखा आहे.

नाण्यावरून स्तूपाचा काळ ठरविणे मात्र निसरडे निघाले. भगवानलाल यांनी हा ठेवा यज्ञश्रीच्या काळातला मानला. पुढे मूर्तींची शैली तपासणाऱ्या अभ्यासकांनी त्या आठव्या-नवव्या शतकातील ठरविल्या. म्हणजे ठेवा मागाहून उघडून त्यात मूर्ती ठेवल्या गेल्या असाव्यात. नाणे अस्सल, वाचनही योग्य, तरीही त्याच्या शेजारी सापडलेली प्रत्येक वस्तू त्याच वयाची नसते. नाणेसंग्राहकांनी हे ध्यानात ठेवावे. तसेच जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरातन ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक केले आहे. सापडलेले नाणे घासूनपुसून सराफाकडे नेले की त्याची जागा, थर आणि सोबत काय होते ही सारी साक्ष कायमची नाहीशी होते.

१८८४ मध्ये हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. अखेरची वर्षे आजारपणात गेली. तशातही ते क्षत्रपांच्या नाण्यांचा क्रम लावीत होते. या नाण्यांवर राजाच्या मुखामागे वर्षाचे अंक असतात. प्राचीन अंकांचा उलगडा हा त्यांचा खास विषय असल्याने पित्यामागून पुत्र, भावामागून भाऊ अशी राजावळ शकवर्षांनिशी उभी राहिली. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. अपुरा राहिलेला क्षत्रपांवरील प्रबंध रॅप्सन यांनी संपादित करून १८९० साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. मृत्युपत्राने त्यांचा नाण्यांचा संग्रह आणि मथुरेचा सिंहस्तंभशीर्ष ब्रिटिश म्युझियमकडे गेला. ही रुखरुख आजच्या वाचकाला वाटणारच. मात्र त्या काळी असा संग्रह एकत्र सांभाळणारी जागा त्यांना येथे दिसली नसेल, तर त्यांना दोष देता येत नाही. सोपाऱ्याचा ठेवा मात्र मुंबईतच, एशियाटिक सोसायटीत राहिला.

त्यांच्या हयातीत क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी बोटांवर मोजण्याइतकीच ठाऊक होती. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे त्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता, त्याच उज्जैन चिन्हाचा आणि कमानींच्या डोंगराचा.