जयपूर पायाचे जनक : डॉ. प्रमोद करण सेठी

माणसाचा पाय गेला म्हणजे केवळ एक अवयव जात नाही. त्याचे शेत, त्याचा धंदा आणि पंगतीतली त्याची जागाही जाते. ही गोष्ट ज्यांनी नेमकी ओळखली ते डॉ. प्रमोद करण सेठी.

त्यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९२७ रोजी वाराणसीस झाला. आग्र्यास वैद्यकीय शिक्षण घेऊन व १९५४ साली एडिंबरोची एफ. आर. सी. एस. ही पदवी संपादन करून ते जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रुजू झाले. पुढे तेथील अस्थिरोग विभाग उभारण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

त्या काळी मिळणारा कृत्रिम पाय परदेशी धर्तीचा असे. तो महाग तर होताच, शिवाय बुटाखेरीज वापरता येत नसे. घोट्यात तो वाकत नसल्यामुळे मांडी घालून जेवायला बसणे, उकिडवे बसणे, चिखलात उतरणे यांपैकी काहीच साधत नसे. पुष्कळ रुग्ण तो पाय घरी ठेवून पुन्हा कुबड्या घेत. सेठींनी दोष रुग्णाला दिला नाही, पायाला दिला.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. शाळेचे शिक्षण बेताचे, पण हातात विलक्षण कसब. एकाजवळ शरीररचनेचे ज्ञान, दुसऱ्याजवळ वस्तूंची पारख. निव्वळ रबराचा पाय जड होई. अनेक प्रयोगांनंतर, १९६८ च्या सुमारास, मार्ग सापडला. आत लाकूड व स्पंज रबराचे ठोकळे, त्यांना टायरमधल्यासारख्या नायलॉनच्या दोऱ्यांची बळकटी आणि वरून कातडीच्या रंगाचे रबर. हे सारे साच्यात घालून, टायरवर रबर चढवतात तसे भाजून काढायचे. हा पाय सर्व बाजूंना वळे, अनवाणी चाले, पाण्यातही टिके.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना पेटंट ही मालमत्ता आहे असे शिकवले जाते. सेठींनी या पायाचे पेटंट घेतले नाही. म्हणूनच तो कुणालाही, कुठेही करता आला. १९७५ साली जयपुरात स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गरिबांना मोफत बसवण्यास आरंभ केला. नर्तिका सुधा चंद्रन १९८४ साली हाच पाय लावून मुंबईच्या रंगमंचावर पुन्हा नाचल्या.

१९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार व पद्मश्री मिळाली. ६ जानेवारी २००८ रोजी ते निवर्तले. शर्मांचे नाव मात्र फार थोड्यांच्या ओठी आले. या चरित्रातील ही उणीव झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्या बीदरात किल्ल्याच्या मातीने बिदरी भांड्याला काळा रंग आणणारे कारागीर आहेत. त्यांचे ज्ञान आपल्या क्रमिक पुस्तकांत नाही. पदवीधराने अशा हातांशेजारी बसून शिकावे, आणि काम सिद्धीस गेल्यावर दोघांचीही नावे लिहावीत. सेठींच्या आयुष्यातून घ्यावयाचा धडा माझ्या मते हाच.