शंकर गुहा नियोगी : भिलाईच्या भट्टीतून घडलेला कामगारनेता

भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात शंकर गुहा नियोगी यांचे स्थान वेगळे आहे. 28 सप्टेंबर 1991 रोजी पहाटे, भिलाई येथील निवासस्थानी निद्रिस्त असताना, खिडकीतून गोळ्या झाडून त्यांची हत्या करण्यात आली. त्या वेळी ते अवघे 48 वर्षांचे होते.

नियोगी यांचा जन्म 14 फेब्रुवारी 1943 रोजी एका बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव धीरेश. त्यांचे बालपण आसाममध्ये गेले, तर जलपायगुडी येथे शिक्षण घेत असताना ते डाव्या विद्यार्थी चळवळीकडे ओढले गेले. साठच्या दशकाच्या प्रारंभी ते भिलाईत आले. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेला येथील पोलाद कारखाना त्या काळी नव्या भारताचे प्रतीक मानला जात होता. कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात नोकरी करतानाच त्यांनी पुढील शिक्षण सुरू ठेवले आणि कामगारांना संघटित करण्यासही आरंभ केला. परिणामी 1967 मध्ये त्यांना नोकरी गमवावी लागली.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत अज्ञातवासात काढली. याच काळात त्यांनी शंकर हे नाव धारण केले. दानीटोला येथील खाणीत मजूर म्हणून काम करीत असताना तेथील आदिवासी कामगार आशा यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. आणीबाणीत त्यांना मिसा कायद्याखाली तुरुंगवास भोगावा लागला.

1977 मध्ये सुटका झाल्यावर दल्ली राजहरा येथील खाणकामगारांनी त्यांना नेतृत्व करण्यासाठी पाचारण केले. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज याच खाणींतून येत असे. परंतु ते हातांनी फोडणाऱ्या हजारो कंत्राटी मजुरांना कायम कामगारांच्या तुलनेत अत्यल्प मोबदला मिळत असे. मार्च 1977 मध्ये छत्तीसगड माईन्स श्रमिक संघाची स्थापना झाली. पावसाळ्यापूर्वी झोपड्यांच्या डागडुजीसाठी भत्ता मिळावा, ही त्यांची एक साधी मागणी होती. मात्र 2 जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगी यांना अटक केली. त्यातून उसळलेल्या संघर्षात दोन दिवसांत झालेल्या गोळीबारात अनसूयाबाई यांच्यासह 11 जण मृत्युमुखी पडले.

पुढे मजुरी वाढली. मात्र हाती आलेला पैसा दारूच्या गुत्त्यात जातो, हे ध्यानी घेऊन नियोगी यांनी दारूबंदीची मोहीम उभारली आणि तिची धुरा स्त्रियांनी वाहिली. संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा प्रसूतीच्या वेळी मृत्यू झाल्यानंतर स्वतःचे रुग्णालय उभारण्याचा निर्धार कामगारांनी केला. कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून 3 जून 1983 रोजी शहीद रुग्णालय सुरू झाले. डॉ. विनायक सेन यांच्यासारखे तरुण डॉक्टर या कार्यात सहभागी झाले. संघर्षासोबत निर्माण, हे नियोगी यांच्या कार्याचे सूत्र होते. छत्तीसगड मुक्ती मोर्चाच्या ध्वजातील लाल व हिरवा हे रंग कामगार आणि शेतकरी यांच्या ऐक्याचे निदर्शक होते. 1857 मध्ये फाशी गेलेले सोनाखानचे वीर नारायण सिंह यांच्या स्मृतीलाही या चळवळीने नव्याने उजाळा दिला.

1990 मध्ये नियोगी पुन्हा भिलाईत आले. पोलाद कारखान्याच्या आधारे वाढलेल्या खासगी उद्योगांतील कंत्राटी कामगारांना कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मिळावे, यासाठी त्यांनी लढा सुरू केला. कामगारांवर हल्ले झाले, नियोगी यांना तुरुंगात टाकण्यात आले. सप्टेंबर 1991 मध्ये दिल्लीत राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरामन यांची भेट घेऊन त्यांनी कामगारांचे गाऱ्हाणे मांडले. आपल्या जीवाला धोका असल्याची जाणीव त्यांना होती. तसा संदेशही त्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची हत्या झाली.

आंदोलन त्यानंतरही थांबले नाही. 1 जुलै 1992 रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर ठिय्या देणाऱ्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधराहून अधिक जणांचा बळी गेला.

हत्येच्या खटल्यात दुर्ग येथील सत्र न्यायालयाने 1997 मध्ये पल्टन मल्लाह यास फाशीची, तर दोन उद्योगपतींसह पाच जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. 1998 मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मल्लाह याला दोषी धरून जन्मठेप दिली आणि इतरांची मुक्तता कायम ठेवली. गोळी झाडणारा हात कायद्याने निश्चित केला. परंतु त्यामागील सूत्रधार कोण, याचे उत्तर न्यायालयातून मिळाले नाही.

दल्ली राजहरा येथील शहीद रुग्णालयात मात्र आजही गोरगरिबांवर उपचार होतात. कामगारांनी स्वतःच्या घामातून उभे केलेले हे रुग्णालय हेच नियोगी यांचे खरे स्मारक ठरले आहे.