प्रभूच्या कामी चाललेले पाय : जॉन वेस्ली

जॉन वेस्ली ह्यांचे नाव ऐकले नाही असा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणूस विरळा. बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील मेथॉडिस्ट मंडळ्या तर त्यांच्याच चळवळीच्या वंशातल्या. त्यांच्या मनःपालटाची हकीगत शब्बाथ शाळेत आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु ज्या देहाने त्यांनी ५० वर्षांहून अधिक काळ सुवार्तेचे काम केले, त्या देहाची निगा त्यांनी कशी राखली, हे क्वचितच सांगितले जाते. तीच बाजू ह्या लेखात वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

वेस्लींचा जन्म जून १७०३ मध्ये इंग्लंडातील एपवर्थ ह्या गावी झाला. वडील सॅम्युएल हे तेथील पाळक. आई सुझॅना हिला १९ मुले झाली. त्यांतली बरीच लहानपणीच दगावली. १७०९ मध्ये पाळकांच्या घराला आग लागली, तेव्हा ५ वर्षांच्या जॉनला वरच्या खिडकीतून जेमतेम बाहेर काढण्यात आले. १७१४ मध्ये तो लंडनच्या चार्टरहाउस शाळेत गेला. तेथे मोठी मुले लहानांच्या पानातले मांस हिरावून घेत, त्यामुळे पुष्कळदा नुसत्या पावावर भागवावे लागे. पण वडिलांनी निघताना एक आज्ञा केली होती. रोज सकाळी शाळेच्या बागेला धावत तीन फेऱ्या घालायच्या. मुलाने ती आज्ञा पाळली. पुढे ऑक्सफर्डला विद्यार्थी व नंतर अध्यापक असतानाही त्यांची पायी चालण्याची सवय सुटली नाही. दिवसाला २०-२५ मैल चालणे त्यांना जड वाटत नसे, आणि चालता चालता पुस्तक वाचण्याचीही त्यांनी सवय करून घेतली.

२४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत त्यांना तारणाची खातरी मिळाली. पुढल्या वर्षी, २ एप्रिल १७३९ रोजी, ब्रिस्टल येथे त्यांनी उघड्यावर उपदेश करण्यास आरंभ केला. तेव्हापासून रस्ता हेच त्यांचे घर झाले. उंचीने ते जेमतेम ५ फूट ३ इंच आणि अंगाने सडपातळ. तरी खाणकामगार, विणकर व गोरगरीब ह्यांना गाठण्यासाठी ते पाऊस, वारा, बर्फ काही न पाहता घोड्यावरून हिंडत. हयातीत त्यांनी सुमारे अडीच लाख मैल प्रवास केला, असा चरित्रकारांचा अंदाज आहे.

गरिबांना वैद्य परवडत नाही हे पाहून १७४६ मध्ये त्यांनी मोफत औषधे देण्यास सुरुवात केली. १७४७ मध्ये घरगुती उपचारांचे एक पुस्तकही काढले. त्यातले कित्येक उपचार आजचे वैद्यकशास्त्र मान्य करणार नाही, आणि ते कोणी करून पाहू नयेत. पण प्रस्तावनेत त्यांनी आरोग्याचे जे नियम दिले, त्यांतले काही आजही उपयोगी आहेत. डॉ. जॉर्ज चेनी ह्या वैद्यांच्या लिखाणावरून त्यांनी हे नियम घेतले होते. अंगाला व्यायाम हवाच. ज्यांना झेपते त्यांच्यासाठी चालणे हा सर्वांत चांगला व्यायाम. अभ्यास करणाऱ्यांनी त्यासाठी दिवसाची वेळ ठरवून ठेवावी. ज्यांना फार लिहावे-वाचावे लागते त्यांनी ते उभे राहून करण्यास शिकावे. व्यायाम थकून जाईपर्यंत करू नये, आणि नंतर अंग हळूहळू निवू द्यावे.

नियम पाळणाऱ्याला दुखणे येतच नाही, असे मात्र नाही. १० फेब्रुवारी १७५१ रोजी लंडन ब्रिजवर बर्फावरून त्यांचे पाय घसरले आणि घोटा दगडावर आदळला. त्या दिवशी त्यांनी कसेबसे दोन ठिकाणी उपदेश केला, पण सायंकाळपर्यंत पाय टेकवेना. मग त्यांनी विश्रांती घेतली. तो आठवडा प्रार्थना, वाचन, हिब्रू व्याकरण आणि मुलांसाठी धडे लिहिण्यात घालवला. पुढच्या रविवारी उभे राहता येत नव्हते, म्हणून त्यांनी गुडघ्यांवर राहून २३ व्या स्तोत्रावर उपदेश केला. मार्चच्या आरंभी घोड्यावर बसण्याइतके बरे वाटताच ते पुन्हा वाटेला लागले. १७५३ च्या हिवाळ्यात क्षयाची लक्षणे दिसली, तेव्हा तर त्यांनी आपल्या थडग्यावरचा मजकूरही लिहून ठेवला होता. देवाने त्यांना उठवले, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी नव्या करारावरील टीपा लिहावयास घेतल्या.

जून १७७४ मध्ये वयाची ७१ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा आपण ३० वर्षांपूर्वीइतकेच सशक्त कसे, ह्याचा त्यांनी रोजनिशीत विचार केला. पहिले कारण देवाची मर्जी. मग साधने म्हणून त्यांनी तीन गोष्टी नोंदवल्या: सुमारे ५० वर्षे पहाटे चारला उठणे, बहुधा पहाटे पाचला उपदेश करणे, आणि वर्षाला ४५०० मैलांहून कमी प्रवास कधी न करणे. उतारवयात मित्रांनी त्यांना घोडागाडी दिली. घरात बसून घोडेस्वारीसारखे हेलकावे घेता यावेत म्हणून त्या काळी एक उंच, स्प्रिंगांची खुर्ची मिळे. लंडनमधील वेस्लींच्या घरात तशी खुर्ची अजून जपून ठेवली आहे.

हे सर्व कशासाठी? त्याचे उत्तर जानेवारी १७८५ मध्ये मिळते. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. थंडीत कुडकुडणाऱ्या गरिबांना कपडे हवे होते. वेस्ली सलग पाच दिवस लंडनच्या रस्त्यांतून दारोदार फिरले आणि त्यांनी २०० पौंड जमवले. वितळत्या बर्फात पाय घोट्यापर्यंत बुडत होते. शेवटी ते आजारी पडले, पण काम झाले होते. पुढेही ते हिंडत राहिले. ऑक्टोबर १७९० मध्ये विंचेल्सी येथे झाडाखाली त्यांनी उघड्यावरचा शेवटचा उपदेश केला, आणि २ मार्च १७९१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, ते प्रभूमध्ये निजले.

आपल्या मंडळ्यांतून दोन टोकांचे विचार ऐकू येतात. एक म्हणतो, देह नाशवंत आहे, त्याची काळजी कशाला? दुसरा देहाखेरीज कशाचीच काळजी करीत नाही. पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिताना सहाव्या अध्यायात देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले, ते ह्या दोघांनीही वाचावे. मंदिर झाडून-पुसून ठेवतात ते त्यात उपासना व्हावी म्हणून.

हाडे ही जिवंत असतात. त्यांच्यावर भार पडला तर ती बळकट राहतात, पडून राहिले तर विरळ होतात. स्नायूंचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. पासष्टीपुढील माणसांना तोल सांभाळण्याचाही सराव सांगितला, कारण म्हातारपणी पडणे हेच हाड मोडण्याचे मोठे कारण असते. जोडीला दूध, नाचणी, तीळ असा आहार आणि थोडे ऊन हवे. मात्र ज्या भगिनी दिवसभर पाणी वाहतात, ओझी उचलतात, त्यांना व्यायामाचा उपदेश करू नये. त्यांच्या हातातली घागर घ्यावी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी डॉक्टरांना दाखवावे आणि खुशाल खुर्चीवर बसून प्रार्थना करावी. त्यात भक्ती उणी होत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. महिन्यातून एकदा वर्ग संपल्यावर मुलांना पायी घेऊन निघावे, आणि जे वृद्ध आता देवळात येऊ शकत नाहीत त्यांच्या दारी जावे. एक गीत गावे, प्रार्थना करावी आणि परतावे. मुलांचे पाय बळकट होतील, आणि ते कशासाठी बळकट करायचे हेही त्यांना कळेल.